बाळाची बंडी: तुमचे प्रश्न, माझे टाके

मागच्या खेपेला बोलता बोलता लिहून गेले की ज्यांनी आयुष्यात काही विणलं नाही त्यांनी सुरुवात बाळाच्या बिनबाह्यांच्या, पुढून बटणं असलेल्या बंडीपासून करावी. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळेस सगळी जागा बंडीलाच दिलीये. मोजे आणि टोपीवाल्यांनी जरा थांबा.

प्रश्न: ताई, वहिनीला सातवा महिना लागलाय, मी होणारी आत्या. मला फक्त सुलट टाका येतो, उलट विणायला बसले की दोरा पुढे की मागे यातच अडकते. तेवढ्यावर बटणाची बंडी होईल का? की सरळ स्कार्फच करू?

स्कार्फ नकोच गं, गळ्याभोवती लांब काहीतरी गुंडाळायचं वयच नाही ते. बंडी होईल, आणि नुसत्या सुलट टाक्यात होईल. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, आडव्या उठावदार रेघा येतात (दोन ओळींची एक रेघ, हे लक्षात ठेव, पुढे सगळं रेघांवरच मोजणार आहोत) आणि मुख्य म्हणजे कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट एक उलट असं विणलं की दिसतं छान गुळगुळीत, पण खालची कड वर गुंडाळते, बाजू आत वळतात, मग त्याला बॉर्डर लावा, पट्टीसाठी टाके उचला, एवढा उद्योग पहिल्या बंडीला कशाला?

माप नवजात बाळाचं घेऊ नकोस. माझी पहिली बंडी मी तशी विणली होती, हौसेने, आणि ती बाळाच्या अंगावर जेमतेम दोनदा चढली, तिसऱ्या वेळी बटणं लागेनात. सहा महिन्यांचं माप धर. त्या वयाच्या बाळाची छाती साधारण ४३ सेंमी असते, त्यात पाचेक सेंमी सैलपणा धरला की बंडी ४८-४९ सेंमी घेराची हवी. आधी ढगळ होईल, होऊ दे, बाह्या नाहीत त्यामुळे हात लांब झाले तरी काही अडत नाही आणि पुष्कळ दिवस पुरते.

डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यम) जाडीची लोकर, ४ मिमीच्या सुया. यात साधारणपणे १० सेंमीत २२ टाके आणि २२ रेघा बसतात. म्हणजे एक टाका जेवढा रुंद तेवढीच एक रेघ उंच. नुसत्या सुलट विणीची ही गंमत मला फार आवडते, टेप हाताशी नसला तरी रेघा मोजून काम चालतं. ५० ग्रॅमचे दोन गुंडे घे, थोडी लोकर उरेल. ती टाकू नकोस, पुढेमागे दुरुस्तीला लागते.

आता कृती. ११२ टाके घाल, सैल हाताने. ही बंडी खालून वर एकाच तुकड्यात होते, बाजूंना शिवण नाही. ११२ म्हणजे ३० टाके एक पुढचा भाग, ५२ पाठ, ३० दुसरा पुढचा भाग, आणि पुढच्या दोन्ही भागांच्या कडेचे ५-५ टाके ही बटणपट्टी, ती एकमेकीवर येणार. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, कड वेणीसारखी नीट येते. बाकी सगळं सुलट, सुलट, सुलट. असं २८ रेघा होईपर्यंत, साधारण १३ सेंमी.

याच दरम्यान काजं करायची. एका कडेला सेफ्टी पिन लाव, ती काजांची बाजू. ३, ११, १९ आणि २७ रेघा पूर्ण झाल्या की त्या कडेपासून सुरू होणाऱ्या पुढच्या ओळीत काज येईल: पहिला टाका उचल, दुसरा सुलट विण, मग दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आण, तो सुईवरून मागे जाऊ देत पुढचे दोन टाके एकत्र विण, आणि बाकी ओळ नेहमीसारखी. सुईवरून गेलेल्या दोऱ्याचं भोक पडतं आणि दोन एकत्र विणल्यामुळे टाके तेवढेच राहतात. परतीच्या ओळीत तो आडवा दोरा टाक्यासारखा विणायचा, बस, झालं काज. पहिलं काज करताना वाटतं की आपण काहीतरी चुकवलंय कारण ते भोक टाका गळल्यासारखंच दिसतं, तसं वाटलं म्हणजे बरोबर झालंय.

२८ रेघा झाल्या की मुंढे, म्हणजे हात घालायच्या जागा, पाडायचे. २६ टाके विण, ८ बंद कर, ४४ विण, ८ बंद कर, २६ विण. वाचायला सोपं आहे, चूक इथेच होते. टाके बंद करताना आठवा टाका बंद झाला की उजव्या सुईवर एक टाका उभा असतो ना, तो पुढच्या ४४ मधला पहिला. म्हणजे त्याच्यापुढे ४३ च विणायचे. दुसऱ्या मुंढ्याला पण तसंच, एक उभा अधिक २५. माझं ऐक आणि बोटाने मोठ्याने मोज, घरातले हसतील, हसू दे.

आता शेवटचे २६ टाके सुईवर ठेव, बाकीचे वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून ठेवून दे. गळा इंग्रजी व्ही सारखा करू, सर्वात सोपा. पुढच्या कडेपासून ओळ सुरू झाली की पट्टीचे ५ टाके, मग दोन एकत्र, मग शेवटपर्यंत सुलट. परतीची ओळ साधी. हे १४ वेळा केलं की १२ टाके उरतात, तो खांदा. त्यावर साध्या १० रेघा, म्हणजे मुंढ्यापासून एकूण २४ रेघा, मग टाके बंद. पाठीचे ४४ टाके सुईवर घे, नवा दोरा जोड, कुठेही न घटवता २४ रेघा आणि सगळे टाके सैल बंद. उरलेला पुढचा भाग पहिल्यासारखाच, घट फक्त पुढच्या कडेकडून सुरू होणाऱ्या ओळीत. मग खांद्याला खांदा लावून १२ टाक्यांएवढी शिवण घाल, पाठीचे मधले २० टाके मागचा गळा म्हणून मोकळे राहतात.

मी एकदा हिशोब केला होता, या बंडीत सगळे मिळून साधारण दहा हजार टाके होतात. ऐकून घाबरू नकोस, रोज पाचशे केले तर तीन आठवडे. दोन महिने आहेत तुझ्याकडे, दोन बंड्या होतील.

प्रश्न: मी एका परदेशी पॅटर्नवरून बंडी विणली. त्यात ८ नंबरची सुई लिहिली होती, मी घरातली आजेसासूबाईंची ८ नंबरची घेतली, लोकर पण सांगितली तीच. बंडी बाहुलीला होईल एवढी झाली. माझा हात घट्ट आहे म्हणून असं झालं असेल का?

हात असेलही घट्ट, पण इथे घोळ नंबराचा आहे. जुन्या ब्रिटिश नंबरात ८ म्हणजे ४ मिमी, अमेरिकन नंबरात ८ म्हणजे ५ मिमी. वर आणखी मजा अशी की दोन्ही उलट्या दिशेने चालतात: ब्रिटिश नंबर तारेच्या जाडीच्या जुन्या मापासारखे, आकडा वाढला की सुई बारीक होते, म्हणून १० नंबर ३.२५ मिमी. अमेरिकनमध्ये आकडा वाढला की सुई जाड, तिकडची १० नंबर ६ मिमी. त्यामुळे पॅटर्न कुठलाही असो, मिलिमीटर बघायचे. सुईवरचा आकडा पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते तिच्यात घालून बघा.

आणि नमुना विणला होतात का? बहुतेक नाही, नाहीतर हा प्रश्न आलाच नसता. तीसेक टाके घालून हातभर नको, वीतभरही नको, पण निदान १२ सेंमी विणा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा, कडेचे धरू नका कारण कडेचे टाके नेहमी खोटं बोलतात. २२ च्या ऐवजी २५ भरले तर ११२ टाक्यांची बंडी ४९ वरून ४३ सेंमीवर येते, म्हणजे बाळाच्या छातीएवढीच, श्वास घ्यायला जागा नाही. तीन टाक्यांचा फरक बघा केवढ्याला पडतो. असं झालं तर हात सैल करायच्या भानगडीत पडू नका, तो होत नाही, सुई अर्धा मिमी जाड घ्या आणि परत नमुना करा.

झालेली छोटी बंडी उसवू नका. बाहुलीला द्या, खरंच सांगतेय.

प्रश्न: ११२ टाक्यांनी सुरू केलं, दहा रेघांनंतर मोजले तर ११७! मी कुठेच वाढवलेले नाहीत. काय भुताटकी आहे?

भुताटकी ओळीच्या सुरुवातीला बसलेली असते. काम उलटून दुसऱ्या हातात घेतलं की दोरा कधी कधी सुईच्या वरून मागे ओढला जातो, त्याने कडेचा पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसायला लागतात, आपण त्यांना दोन टाके समजून दोन्ही विणतो. झाला एक टाका जास्त. म्हणूनच मी पहिला टाका न विणता उचलायला सांगते: काम उलटलं की दोरा पुढेच, आपल्या अंगाकडे ठेवायचा, पहिला टाका उजव्या सुईवर नुसता सरकवायचा, आणि मगच दोरा दोन सुयांच्या मधून मागे न्यायचा. सुईच्या डोक्यावरून नाही, मधून.

कडा ठीक असतील आणि मधेच छोटी छोटी भोकं दिसत असतील तर विणताना दोरा पुढे राहून गेलाय, म्हणजे न मागता काजं झालीयेत. दुसरं म्हणजे ३० टाक्यांनंतर आणि ८२ टाक्यांनंतर सुईवर वेगळ्या दोऱ्याची एक एक कडी अडकवून ठेवा, ओळीबरोबर ती इकडून तिकडे सरकवत जायची. मग ११२ एकदम मोजायला नको, ३०, ५२, ३० असं मोजायचं, चूक कुठल्या भागात आहे ते लगेच कळतं आणि मुंढे पाडताना मध्य शोधत बसावं लागत नाही.

आत्ताचे पाच जास्तीचे? पाठीच्या भागात पाच ठिकाणी लांब लांब दोन टाके एकत्र विणून टाका. कोणी मोजणार नाही. दहा रेघा उसवण्यापेक्षा हे बरं, विणकामातले कडक लोक मला यावरून बोलतील पण बोलू देत.

प्रश्न: एक टाका निसटून चार ओळी खाली गेलाय. एक ओळ सुलट एक उलट अशा साध्या विणीत क्रोशाच्या सुईने वर आणता येतो, पण तुमच्या या सुलट विणीत वर आणला तर तिथे वेगळीच उभी रेघ दिसते.

कारण तुम्ही चारही वेळा एकाच बाजूने ओढलात. सुलट विणीत एक तार पुढून ओढायची, पुढची मागून. निसटलेल्या टाक्याकडे नीट बघा, त्याच्या वरची आडवी तार टाक्याच्या मागे असेल तर क्रोशा पुढून घालून तार पुढे ओढा. मग क्रोशा काढा, मागच्या बाजूने टाक्यात घाला आणि पुढची तार मागे ओढा. पुन्हा पुढून, पुन्हा मागून. एकदा हात बसला की होतं, पण पहिल्यांदा उजेडात बसून करा. गडद रंगाच्या लोकरीत हे रात्री करायला जाऊ नका.

प्रश्न: मुलगी असली तर काजं उजवीकडे आणि मुलगा असला तर डावीकडे ना? बाळ यायचंय अजून, मग काजं कुठे करू?

रीत तशीच आहे खरी, मुलींची उजवी बाजू वर, मुलांची डावी. पण ही बंडी दोन्हीकडून सारखी दिसते हे मघाशी सांगितलं ना, मग आतली बाजू बाहेर करा, उजवी बाजू आपोआप डावी होते! म्हणजे काजं कुठल्याही एका कडेला करा, बटणं आणि शेवटचे दोरे लपवायचं काम तेवढं राहू द्या. बाळ आलं की बंडी हवी तशी उलटी करायची आणि बटणं शिवायची. हे मला बऱ्याच उशिरा सुचलं, त्याआधी मी दोन्ही पट्ट्यांवर काजं करून एका बाजूची काजं बटणांखाली दडवायचे, तेही चालतं.

बाळाला काही फरक पडत नाही हे वेगळं सांगायला नकोच.

प्रश्न: काजं इतकी ढिली झालीत की बटण आपोआप निसटतं.

बटण बदला, बंडी नाही. या काजाला १२ मिमीचं, म्हणजे साधारण अर्ध्या इंचाचं बटण नीट बसतं, त्यावर १५ चं घातलं तर काज ताणलं जातं आणि मग कायमचं ढिलंच राहतं. आता झालंच असेल तर उरलेल्या लोकरीने काजाच्या एका टोकाला आतून दोन टाके घाला, भोक लहान होईल. गुळगुळीत चकचकीत बटणांपेक्षा थोडी खरबरीत, लाकडाची वगैरे, लोकरीत धरून राहतात.

प्रश्न: मी आजी आहे, हात अजून चालतात. पण आताच्या सुनबाई म्हणतात बटणं नकोत, बाळ तोंडात घालेल, लोकर नको, टोचेल. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तुम्ही सांगा त्यांना.

आजी, रागावू नका, पण बटणांच्या बाबतीत मी सुनबाईंच्या बाजूने आहे, निदान अर्धी. खेळण्यांच्या चाचणीसाठी सुमारे ३२ मिमी व्यासाची एक छोटी नळी वापरतात, जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांना धोक्याची धरतात. बंडीचं कुठलंही बटण त्यात सहज मावतं. म्हणून बटण सुटता कामा नये, एवढंच बघायचं. लोकरीने शिवू नका, पक्क्या दोऱ्याने शिवा, प्रत्येक बटणाचा दोरा वेगळा, म्हणजे एक तुटला तरी बाकीची राहतात. पट्टीच्या मागे नमद्याचा (फेल्टचा) किंवा जाड कापडाचा छोटा तुकडा धरून त्यातून शिवलं की विणीतून दोरा सुटून येत नाही. शेवटी बटण धरून चांगलं ओढून बघा, आणि प्रत्येक धुण्यानंतर परत. झोपताना बंडी काढूनच ठेवायची, झोपेत बाळाला जास्त उकडणं चांगलं नाही.

बटणांऐवजी डोक्यावरून घालायची करू का असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगते, नको. लहान बाळाचं डोकं छातीच्या मानाने मोठं असतं, जन्मतः तर डोक्याचा घेर छातीपेक्षा थोडा जास्तच भरतो, त्यामुळे डोक्यावरून जाईल एवढा गळा ठेवला तर तो खांद्यावरून उतरतो आणि नीट बसेल असा ठेवला तर घालताना रडारड. पुढून उघडणारी बंडी बाळ झोपलेलं असताना सुद्धा काढता येते.

लोकरीचं म्हणाल तर टोचतं का ते आपल्या बोटांना कळत नाही, विणून विणून आपली बोटं निबर झालेली असतात. गुंडा आतल्या मनगटावर किंवा मानेला पाच मिनिटं लावून ठेवा. मोहेर आणि अंगोरा दिसायला कितीही गोड असली तरी त्यांचे केस गळतात आणि बाळाच्या तोंडानाकात जातात, ती नकोच. सुती धागा टोचत नाही पण जड होतो आणि ताणला की परत जागेवर येत नाही, बंडी लोंबते. अ‍ॅक्रिलिक मऊ असतं, धुवायला सोपं, फक्त त्यावर गरम इस्त्री फिरवायची नाही, एकदा फिरली की वीण कायमची लुळी पडते. मशीनमध्ये धुता येईल असं लेबलवर लिहिलेली मेंढीची लोकर मिळाली तर माझी पसंती तिला.

प्रश्न: वरच्यासारखंच काहीसं. शुद्ध लोकरीची बंडी घरात कोणीतरी गरम पाण्यात मशीनला लावली, आता ती तळहाताएवढी आणि पुठ्ठ्यासारखी झालीये. परत मोठी होईल का?

नाही होणार गं. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळणं तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि त्याचा नमदा होतो. नमदा मुद्दाम करतात तो असाच. एकदा अडकले की सुटत नाहीत. पण एक चांगलं आहे, आता ती कापली तरी उसवणार नाही, तेव्हा तिचे गोल तुकडे काप आणि पुढच्या बंडीच्या बटणांमागे लाव. आणि "कोणीतरी" कोण ते मला कळलंय.

प्रश्न: पहिली बंडी जमली! आता वर्षाच्या बाळासाठी करायचीये, टाके किती घालू?

वा, शाब्बास. छाती साधारण ४६ सेंमी धरून १२० टाके घाल: ३२, ५६, ३२. मुंढ्यापर्यंत ३३ रेघा, काजं ३, १२, २१ आणि ३० रेघांनंतर. मुंढ्याला २८ विण, ८ बंद, ४८ विण, ८ बंद, २८ विण. पुढचा भाग १५ वेळा घटवला की खांद्याला १३ टाके उरतात, मुंढा २६ रेघांचा, पाठीला मागच्या गळ्याचे २२ मोकळे. लोकर दोन गुंड्यांत बहुतेक बसेल, पण तुझा हात सैल असला तर शेवटच्या खांद्याला दोरा कमी पडतो आणि त्याच रंगाचा, त्याच लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) गुंडा तोवर संपलेला असतो, तेव्हा तिसरा आधीच घेऊन ठेव. बटणं तीच चालतील, काज तेवढंच आहे.